शेजाऱ्याला येशूविषयी सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर साताऱ्याचं, सासर मिरजेचं. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. रविवारी चर्चमधली उपासना सुटली की तिथल्या तरुण संघाची मुलं चहाचा कप हातात घेऊन माझ्याभोवती जमतात. “मावशी, वर्गातल्या मैत्रिणीला सांगू का?” “मावशी, येशूविषयीच्या पत्रिका वाटायला जाऊ का?” तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. काही प्रश्न हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचे आहेत, तेही घेतलेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही आणि वकीलही नाही. वॉर्डात आणि गल्लीत जे पाहिलं आणि पवित्र शास्त्रात जे वाचलं, त्यावरून लिहिते आहे.

ज्याचा धर्म त्याच्यापाशी. मग आपला विश्वास दुसऱ्याला सांगायचाच कशाला?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकींचा. त्या दर वर्षी माझ्याकडच्या नाताळच्या करंज्या खातात आणि मला दिवाळीचा डबा देतात, त्यामुळे त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे.

विहिरीला पाणी लागलं की माणूस ते सांगत सुटतो. माझ्या आयुष्यात येशूने जे केलं ते पोटात ठेववत नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की जाऊन सांगा, अशी त्याचीच आज्ञा आहे. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ती आहे आणि प्रत्येक चर्चमध्ये त्यावर उपदेश होतो. पण त्याच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना, झापतो. एका माणसाला आपल्या मताचा करण्यासाठी तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता आणि मग त्याची गत तुमच्याहून वाईट करून ठेवता, असं तो म्हणतो. यावर मी फारच थोडे उपदेश ऐकलेत. सांगायला पाठवणाराही तोच आणि चुकीच्या पद्धतीवर चिडणाराही तोच.

सांगणं कुठे संपतं आणि ओढणं कुठे सुरू होतं?

माझी खूण एकच आहे. समोरच्याला “नको” म्हणता येतंय का? आणि “नको” म्हटल्यावर त्याचं काही अडणार नाही ना?

बसस्टँडवर भेटलेला वर्गमित्र “राहू दे रे” म्हणून हसून निघून जाऊ शकतो. पण ज्याचं ऑपरेशन उद्या तुमच्या हातून व्हायचंय, ज्याच्या घरात पुराचं पाणी आहे आणि धान्याचं किट तुमच्या हातात आहे, ज्याचा पगार तुम्ही देता, जो आठ वर्षांचा आहे, त्याचा “हो” खरा कसा ओळखणार? तो “हो” विश्वासाचा असेल, नाहीतर गरजेचा. आपल्याला ते कळत नाही, आणि कित्येकदा त्यालाही कळत नाही.

मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याला खरं ते सांगितलं, तो खिन्न झाला आणि निघून गेला. येशूचं त्याच्यावर प्रेम होतं असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरी तो त्याच्यामागे धावला नाही, अट कमी केली नाही आणि शिष्यांना त्याच्या घरी पाठवलं नाही. जाऊ दिलं.

मी नर्स आहे. पेशंटसाठी प्रार्थना करू का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

नोकरीची पहिली वर्षं होती. जत तालुक्यातल्या एका गावची बाई पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल होती. सकाळी थिएटरला न्यायच्या आधी मी तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. तिने हात जोडले, शेवटी “आमेन”सुद्धा म्हणाली. मला केवढा आनंद झाला होता! चार दिवसांनी तिची मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, “सिस्टर, आई त्या दिवशी फार घाबरली. तिला वाटलं, आता काही खरं नाही म्हणून तुम्ही देवाचं नाव घेताय. आणि नको म्हटलं तर तुम्ही रागावाल, म्हणून गप्प बसली.”

खाटेवर झोपलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. सलाईन लावलेली, कपडे दवाखान्याचे, डोकं आधीच भीतीने गच्च. त्याच्याजवळ उभं राहून आपण काहीही बोललो तरी तो मानच डोलावणार. त्या दिवसापासून मी स्वतःला तीन बंधनं घातली. पेशंटने स्वतः विषय काढल्याशिवाय धर्माचं बोलायचं नाही. त्याने काढला तरी, “प्रार्थना करू का? नको असेल तर मोकळेपणी सांगा, मी मनातल्या मनात करेन,” असं आधी विचारायचं. आणि हे ऑपरेशनच्या दिवशी तर अजिबात विचारायचं नाही. मनातली प्रार्थना मात्र प्रत्येक पेशंटसाठी केली. ती कुणाच्या आड येत नाही, आणि गुप्तपणे केलेली प्रार्थना देव ऐकतो हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहेच.

मिरजेत राहून हा विषय टाळताच येत नाही. विल्यम वानलेस १८८९ मध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांचा दवाखाना मिरजेत उभा राहिला. आज मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात त्याची सुरुवात तिथली. ते मिशनरी होते, सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला आले होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण लोकांनी इथल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव ठेवलं ते त्यांच्या हातच्या गुणामुळे. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीही मिशनचं रुग्णालय आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेले नऊ कुठे आहेत, असं त्याने विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हा भाग दर महिन्याला वाचावा.

प्रार्थनेने आजार बरा होतो असं सांगितलं तर चुकलं का?

देव बरं करतो असा माझा विश्वास आहे. त्याच विश्वासाने मी पस्तीस वर्षं इंजेक्शनं दिली. प्रार्थना करा, जरूर करा. पण “गोळ्या बंद करा, तुमचा विश्वास कमी पडतोय” हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याच्यापासून पेशंटला लांब ठेवा. फिट येणाऱ्या एका मुलाच्या गोळ्या आईने एका सभेहून आल्यावर बंद केल्या होत्या. त्याला रात्री दोन वाजता झटके येत असताना आणलं. तो वाचला. त्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर पुढे त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. इन्सुलिनचंही तसंच, ते चुकलं की साखर जीवघेणी चढते.

यात कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे असले उपचार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं हाही गुन्हा आहे. हे कलम भगतालाच लागू आहे, प्रचारकाला नाही, असं कुणी समजू नये. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात फडात साप चावलेली माणसं येतात. आधी गाडी काढा, सापाचं इंजेक्शन मिळेल तिथे पोचवा आणि प्रार्थना गाडीत करा.

सभेतल्या पोस्टरवर “आंधळे पाहतील, लंगडे चालतील” असं छापणं मला पटत नाही. डॉक्टरांकडून हरून आलेला माणूस ते वाचून कर्ज काढून येतो.

पुराच्या वेळी मदतीच्या किटमध्ये शुभवर्तमानाची पुस्तिका घातली तर?

नको. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी चढत होतं आणि माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी शाळांमध्ये येऊन बसली होती. तेव्हा आमच्यातही यावर वाद झाला. पुस्तिका छापून तयार होत्या, “हीच वेळ आहे” असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी पाळकसाहेबांनी गठ्ठे कपाटात ठेवायला लावले. आम्ही चपात्या, चादरी, सॅनिटरी पॅड आणि पाणी ओसरल्यावर फिनेल आणि खराटे घेऊन गेलो. एका आजोबांनी विचारलं, “कुठल्या पक्षाचे?” आम्ही म्हटलं, “चर्चमधून आलोय.” ते म्हणाले, “बरं.” त्यांच्या घरातला चिखल काढून झाल्यावर त्यांनी चहा पाजला. त्याहून जास्त काही झालं नाही आणि व्हायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

कुणी विचारलं तर कुठून आलो ते खरं सांगायचं, लपवायचं नाही. पण भाकरीच्या खाली कागद ठेवायचा नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन मागे आलेल्या लोकांना येशू तोंडावर सांगतो की तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधताय. असला जमाव त्याला नको होता.

वारीत वारकऱ्यांना पाणी देताना पत्रिका द्याव्यात का?

ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते. वाटेवर पाणी द्या, पायांना मलम लावा, गोळ्या द्या. पत्रिका देऊ नका. जो माणूस आपल्या देवाला भेटायला एवढं चालून निघालाय, त्याच्या वाटेत उभं राहून “तिकडे नको, इकडे ये” म्हणणं हा सांगण्याचा भाग नाही. आपल्या नाताळच्या उपासनेच्या दारात उभं राहून कुणी तसं केलं तर आपल्याला कसं वाटेल, एवढं मनाशी विचारून पाहावं.

दुसऱ्यांच्या देवांबद्दल काय बोलावं?

वाईट काही बोलू नये. येशूचा प्रेषित पौल इफिस शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला, अर्तमी देवीचं ते मोठं क्षेत्र. दंगल झाली तेव्हा तिथला अधिकारी जमावाला काय सांगतो ते बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात पाहा: ही माणसं देऊळ लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. म्हणजे एवढी वर्षं सुवार्ता सांगूनही पौलाच्या लोकांवर निंदेचा आरोप लागत नव्हता, आणि हे दुसऱ्या धर्माचा माणूस सांगतोय. माझ्या मते प्रचारकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. ज्या पुलावरून आले तो त्यांनी मागे वळून पाडला नाही. त्यांनी कीर्तन केलं, अभंग लिहिले, झांजा वाजवल्या. “दगडाचा देव” असले शब्द वापरून बोलणाऱ्याला मी विचारते, बाबा, तुझे पणजोबा त्याच देवापुढे हात जोडत होते ना? त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करून तुझी श्रद्धा मोठी होते का?

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या धर्मभावना दुखावण्याच्या हेतूने बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ आणि ३०२ खाली गुन्हा ठरतं. पण कलमाच्या भीतीने गप्प बसणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याच्या प्रेमापोटी जपून बोलणारा मला जवळचा वाटतो.

धर्माचा प्रसार करायला कायद्याने परवानगी आहे ना?

आहे. संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, हेही त्याच वाक्यात आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. काही ख्रिस्ती मित्रांना हा निकाल सलतो. मला वाटतं, समजावून सांगण्यापुरतंच आपलं काम आहे हे शास्त्रही सांगतंच. मन बदलणं पवित्र आत्म्याचं काम आहे.

धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत राहतात. सभा घेण्याआधी, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) देण्याआधी चांगल्या वकिलाला विचारा. परदेशातून आलेल्या पाहुण्याला पर्यटक व्हिसावर उपदेशाला उभं करू नका.

चर्चचे स्वतःचे काही नियम आहेत का, की ज्याला जसं सुचेल तसं?

आहेत, पण आपल्या लोकांपर्यंत ते पोचलेच नाहीत. २८ जून २०११ ला जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून एक निवेदन काढलं. प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, इव्हँजेलिकल सगळे एका कागदावर आले, हे काही रोज घडत नाही. फसवणूक आणि बळजबरी नको, गरिबी आणि अडचणीचा फायदा घेऊ नका, दुसऱ्या धर्माविषयी खोटी साक्ष देऊ नका, आणि कुणी धर्म बदलायचं ठरवलं तर त्याला विचाराला पुरेसा वेळ आणि मोकळीक द्या, असं त्यात आहे. कॅथलिक चर्चने तर १९६५ मध्येच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, गरीब आणि अशिक्षित माणसांवर धर्माच्या बाबतीत दबाव आणण्याला विरोध नोंदवला होता. तरुण संघाच्या शिबिरात गाण्यांच्या सरावाबरोबर हेही एकदा मोठ्याने वाचा.

शेजारची मुलं संडे स्कूलला (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गाला) येऊ का म्हणतात. येऊ द्यावं का?

आईवडिलांनी स्वतः “येऊ दे” म्हटलं तर. मुलाने “आई हो म्हणाली” असं सांगितलं तर पुरत नाही, घरी जाऊन विचारा. आणि काय शिकवणार तेही सांगा. “गाणी आणि खेळ” म्हणून बोलावून बाप्तिस्म्याची गोष्ट सांगितली तर ती फसवणूक झाली. फुकट शिकवणीच्या नावाखाली प्रार्थनासभा घेणं तर त्याहून वाईट. शिकवणी घ्यायची तर गणित शिकवा.

शाळेचं म्हणाल तर संविधानाचं कलम २८ वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या निवासी शाळेवर, १८९३ मध्ये केवढं वादळ उठलं होतं. सदनात धर्मशिक्षण देणार नाही असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. मी कुणाला बोलावलं नाही, पण दारही लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर माझं फार प्रेम आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही वाटतं की ज्या मुलींना दुसरं छप्पर नव्हतं, त्यांच्यासाठी उघडं दारसुद्धा एक प्रकारची हाक होती. माझ्या मुलीला हे पटत नाही. ती म्हणते, बाईने स्वतःच्या खोलीतही दार लावून बसायचं का? आमच्या घरात यावर अजून वाद चालतो.

ऑफिसात सांगू का?

बरोबरीच्या माणसाला, जेवणाच्या सुट्टीत, त्याने विचारलं तर. हाताखालच्या माणसाला नाही. घरकामाच्या बाईला तर मुळीच नाही.

साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सभेत सांगताना, जरा रंगवून सांगितलं तर लोक ऐकतात. त्यात काय बिघडलं?

“मी आधी दारुडा होतो, गुंड होतो, आत्महत्या करणार होतो.” दर सभेत हे थोडं थोडं वाढत जातं, मी ऐकलंय. देवाचं काम खोट्याच्या आधाराने उभं राहत नाही. पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की लाजिरवाण्या गुप्त गोष्टी आम्ही टाकल्या आहेत, आम्ही कपटाने वागत नाही. तुमची साक्ष साधी असेल तर साधीच सांगा. मी ख्रिस्ती घरात जन्मले, कधी भरकटले नाही, पण बाळ गेलं त्या वर्षी प्रार्थना करणं सोडलं होतं आणि मग हळूहळू परत आले. एवढीच माझी साक्ष आहे.

आपली भाषा लोकांना कळत नाही असं म्हणतात. खरं आहे का?

अगदी खरं. “तारण”, “नवा जन्म”, “रक्ताने धुतलेले”, “अभिषेक” हे शब्द आपण घरात वापरतो, पण पेठेतल्या हळदीच्या अडत्याला “तारण” म्हटलं की बँकेत गहाण ठेवलेली हळद आठवते. आणि पहिल्याच भेटीत समोरच्याला “पापी” म्हणायचं नाही. येशूने विहिरीवर आलेल्या परक्या, शोमरोनी बाईला आधी पाणी मागितलं. तहान लागली होती, मागितलं. बोलणं तिथून सुरू झालं.

व्हॉट्सअॅपवर वचनं पाठवते, चालेल ना?

चर्चच्या ग्रुपवर पाठवा. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर नको. आणि बाप्तिस्म्याचे फोटो, “आज अमक्या गावात इतके आत्मे जिंकले” असे मजकूर टाकणं ताबडतोब थांबवा. ज्याचा फोटो टाकता त्याला त्याच गावात राहायचं असतं. माणूस म्हणजे शिकार नव्हे की मारून दाखवायची.

नवरा ख्रिस्ती झाला, बायको नाही. तिला कसं आणावं?

आणू नका. तिच्याशी नीट वागा.

टिळकांचीच गोष्ट सांगते. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी कवितेवर गप्पा मारल्या आणि उतरताना नवा करार हातात ठेवला. मला ती भेट आदर्श वाटते. दोन माणसं, बरोबरीचं बोलणं, आणि स्टेशन आलं की ज्याची त्याची वाट. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. त्या बाईवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःचं सोवळं पाळलं, प्रश्न विचारले, जातिभेदाचा विचार स्वतः करून तो स्वतः टाकला, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी तिथे जबरदस्ती केली नाही. म्हणून पुढे त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्या पूर्ण करू शकल्या. जबरदस्तीने आणलेल्या बायकोच्या हातून ते झालं असतं का?

१९१७ मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्याला आले आणि “देवाचा दरबार” सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी ते गेले, त्यामुळे काम फार वाढलं नाही. पण लहानपणी आमचे आजोबा साताऱ्याच्या रस्त्यांवरून चालताना ही गोष्ट सांगायचे, आणि मला वाटायचं, न घेतलेल्यालाही बसायला जागा, हे किती छान आहे.

कुणी स्वतःहून बाप्तिस्मा मागायला आलं तर?

आनंद करा आणि घाई करू नका. आमच्या पाळकसाहेबांची पद्धत मला पटते. ते आधी विचारतात की घरी सांगितलं का. लग्न जमवण्यासाठी, नोकरीसाठी किंवा आजार बरा व्हावा म्हणून तर नाही ना, हेही विचारतात. मग काही महिने उपासनेला येऊन बसायला सांगतात.

एक गोष्ट आपले लोक सांगायचं टाळतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलित माणसाचा तो दर्जा आणि त्यासोबतचं आरक्षण जातं. हे अन्यायाचं आहे असं मी मानते, कारण जात चर्चच्या दारात गळून पडत नाही. पण आज नियम तसा आहे, आणि मुलाच्या ॲडमिशनच्या आदल्या दिवशी तो कळता कामा नये. बाप्तिस्म्याआधी समोर बसवून सांगा. “कागदावर हिंदू राहा, मनात ख्रिस्ती राहा” असा सल्ला देऊन त्याला आयुष्यभराच्या भीतीत ढकलू नका.

पैसे, शिलाई मशीन, मुलांची फी असं काहीही बाप्तिस्म्याच्या आगेमागे देऊ नका. गरज असेल तर ती मदत बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तशीच मिळते, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

घरसभा चालू असताना लोक येऊन दमदाटी करतात. काय करावं?

उलट बोलू नका, हात उचलू नका, बायामुलांना आतल्या खोलीत न्या आणि ११२ ला फोन करा. नंतर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. स्वतःच्या घरात प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. पण आवाजाचा बॉक्स रात्री अकरापर्यंत वाजत असेल तर शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे, ती वेगळी गोष्ट.

समोरचा मलाच त्याचा धर्म सांगू लागला तर?

ऐका. जेवढा वेळ तुम्हाला हवा असतो तेवढा त्याला द्या. मिरजेतल्या दर्ग्याच्या उरुसाविषयी मला जे कळलं ते एका मुसलमान वॉर्डबॉयकडून, रात्रपाळीत. त्याने कधीच मला ओढलं नाही, मीही त्याला नाही. त्याच्या मुलीच्या निकाहला मी होते.

एवढ्या वर्षांत तुमच्यामुळे किती लोक ख्रिस्ती झाले?

मोजले नाहीत. एका बाईविषयी मला खात्रीने माहीत आहे, आणि तिनेही येशूचं नाव पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाकडून ऐकलं होतं.

कुणी वाचायला मागितलं तर सुरुवातीला काय द्यावं?

मार्ककृत शुभवर्तमान. सोळा अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतं. सोप्या मराठीतली प्रत द्या, मोठ्या अक्षराची असली तर वयस्कर माणसांना बरं पडतं. आत आपल्या चर्चचा शिक्का किंवा फोन नंबर नको. अवघड वाटलं तर विचारा, एवढं म्हणा. आणि आठ दिवसांनी “वाचलंत का?” म्हणून फोन करू नका.